तळाशी बसलेल्या बोटुकल्या

टाकीवाल्या मामांना बोटुकल्यांचे स्वभाव ठाऊक होते. बोटभर लांबीची रोहूची पिल्लं, तुम्हाआम्हाला सगळी सारखीच. मामा टबावर वाकून सांगायचे, "हे भांडखोर. हे भित्री. अन् हिले कशाचंच काई नाई, हेच पहिले खाईन."

पवनारजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रावर मी देखरेखीला होते. मामा तिथले सगळ्यात जुने रोजंदार. बोटुकल्या गिऱ्हाइकाला द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना जाळ्यानं ओढून काढायचं आणि टाकीत उपाशी ठेवायचं, म्हणजे पिशवीतला प्रवास सोसतो. या ओढाताणीत काही पिल्लं टाकीच्या भिंतींना धडका देतात, काही तळाशी जाऊन पडून राहतात. धडका देणाऱ्यांकडे मामा बघायचेही नाहीत. "त्याईचं सोडा ताई. भेव बाहेर काढून राह्यल्या त्या. घंटाभरात शांत होतीन."

पहिल्याच हंगामात मी तळाशी पडलेली ओंजळभर पिल्लं मेलेली समजून बांधावर फेकली. बगळे टपलेलेच होते. मामा धावत आले.

"काऊन फेकल्या वो ताई?"

"मेल्या होत्या."

"मेलेली आडवी होते. ह्या सरळ होत्या. कल्ले पाह्यले काय तुमी? कसे भराभर हालून राह्यले! कालेजात काय शिकवते तुमाले?"

बगळ्यांनी ठेवलेली पाच-सहा पिल्लं त्यांनी बादलीत घातली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि बादली सावलीत नेली. संध्याकाळपर्यंत कोणाला जवळ येऊ दिलं नाही. त्यातली चार पोहायला लागली. मला म्हणाले, "तुमी धडका देणाऱ्यातल्या. तुमाले नाई समजणार." मी मनावर घेतलं नाही. खरंच होतं ते.

गिऱ्हाइकांना टबावर टिचक्या मारायची सवय असते. मामांचा पारा तिथेच चढायचा. "तुमच्या कानापाशी डबा वाजवू काय?"

परवाच्या उन्हाळ्यात मामी वारल्या. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मामा कामावर हजर. हंगाम तोंडावर होता. मी म्हटलं, "बरं झालं आलात." त्यांनी मान हलवली आणि जाळं उचललं. सांगितलेलं सगळं करायचे. एकदा एक गिऱ्हाईक टबावर बोटं वाजवत उभं होतं. मामा शेजारीच होते, काही बोलले नाहीत. मी ते पाहिलं आणि पिशव्या बांधत राहिले. चौकीदाराला सांगितलंसुद्धा, मामा सावरले म्हणून.

हंगाम संपला तसे ते यायचे थांबले. मुलानं त्यांना हिंगणघाटला नेलं होतं. दिवाळीनंतर मी भेटायला गेले. मामा ओसरीवर खुर्चीत बसलेले. सून म्हणाली, "जेवतेत, झोपतेत. काईच तरास नाई त्यायचा."

ती आत गेल्यावर मी म्हटलं, "मामा, तेव्हा मी तुम्हाला सुटी द्यायला हवी होती."

मामा म्हणाले, "मांगतली असती त देल्ली असती तुमी."

"मग मागितली का नाही?"

"सुटी घेऊन जाऊ कुठं? घरी?"

सुनेनं चहा आणला. आम्ही दोघांनी प्यायला. चारची एसटी मी जाऊ दिली. पाचचीही.