टपावरचा सांधा

गाडीचा टप पुढच्या काचेपासून शेपटीपर्यंत कसा उतरावा, हे मी अंधेरीतल्या ऑफिसात बसून समीकरणांनी ठरवते. पूर्णपणे माझा असा हा पहिलाच टप होता आणि सोमवारी त्याची हवेची चाचणी होती. हवा शेवटपर्यंत चिकटून गेली तर टप माझा, मध्येच सुटली तर काम सीनिअरकडे, हे साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

शुक्रवारी ऑफिसात घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून बाबा आले. बाबा जोगेश्वरीच्या गॅरेजात डेंटर; चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्यात त्यांची हयात गेली. हॉलमध्ये माझं पूर्ण आकाराचं मॉडेल उभं होतं. बाकीचे पाहुणे फोटो काढत होते. बाबांनी खिशातला रुमाल काढून टपावर पसरला आणि त्यावरून डावा तळहात हळूहळू फिरवला. मध्ये कापड असलं की बारीक उंचसखलपणा हाताला जास्त कळतो, हे गॅरेजातलं जुनं शास्त्र.

"हयसर मोडलेला आसा गो," एका जागी बोट टेकवून ते साहेबांसमोरच म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, कंप्युटरने पास केलंय ते!"

"तुझो कंप्युटर हात लावता काय?"

ते गेल्यावर निव्वळ त्यांना खोटं पाडायला मी टपाच्या वळणाचा आलेख काढला, तर बाबांनी बोट टेकवलं होतं तिथेच तो तुटत होता. टप दोन वक्र जोडून केला होता. सांध्यावर दोघांची दिशा जुळत होती, वळण जुळत नव्हतं. रिक्षावाल्याने एकदम हँडल मारावं तसा दुसरा वक्र खाली वळत होता. मी कंप्युटरला फक्त दिशा तपासायला सांगितली होती, त्या बिचाऱ्याने तेवढीच तपासली. आमच्या वक्राला आकार देणाऱ्या बिंदूंपैकी सांध्यापासून पहिला जागा ठरवतो, दुसरा दिशा आणि तिसरा वळण. तो तिसरा मी जरासा सरकवला. शनिवार-रविवारी मॉडेलचा टप पुन्हा घासून घेतला.

सोमवारी चाचणीत हवेबरोबर सोडलेली धुराची रेघ टपावरून शेपटीपर्यंत न तुटता गेली. साहेब "झकास" म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मग अहवाल भरायला बसले. त्यात 'त्रुटी कोणी शोधली' असा रकाना होता. शाळा-कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'खासगी नोकरी' लिहीत आले होते. या वेळी 'माझे वडील' लिहिलं, आणि हुद्द्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत 'डेंटर'.