बायकांच्या बाजूचे पंखे

आमच्या चर्चमध्ये बायकांच्या बाजूला पंखे आले ते माझ्यामुळे, असं मंडळीत सगळे मानतात. त्याबद्दल माझा सत्कारही झाला. हार घातला, शाल दिली. ती शाल मी पुन्हा कधी पांघरली नाही, तिनं अंगाला खाज सुटते. लोकर खराब होती असं घरी सांगत आलो. लोकर चांगली आहे.

गोष्ट सत्तरच्या आसपासची. चर्चमध्ये पुरुष डावीकडे बसत आणि बायका उजवीकडे. मिशनरी साहेब मायदेशी परत गेले तेव्हा जाताना चार पंखे देऊन गेले. पंचमंडळानं प्रार्थनापूर्वक विचार केला आणि चारही पुरुषांच्या डोक्यावर लावले. बायकांची बाजू पूर्वेची. नागपूरच्या मे महिन्यात सकाळच्या उपासनेला ऊन खिडक्यांतून थेट त्यांच्या मांडीवर येऊन बसे. पुरुष गार वाऱ्यात डुलक्या घेत आणि बायका गीतांच्या पुस्तकानं वारा घेत.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळभर एकच विषय लावून धरला होता, नीतिमत्त्व आणि न्याय. नुसतं ऐकू नका, न्याय शोधायला बाहेर पडा, असं ते दर रविवारी सांगत. मी तरुण संघाचा सेक्रेटरी. नवीन लग्न झालेलं, शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात नोकरी, अंगात उत्साह. आम्ही पाच-सहा जण एका शनिवारी संध्याकाळी न्याय शोधायला सीताबर्डीच्या बाजारात गेलो.

अन्याय लगेच सापडला. एक पोलीस संत्री विकणाऱ्या म्हातारीची टोपली उचलून नेत होता आणि म्हातारी ओरडत होती. आम्ही त्याला घेरलं. मी त्याला गरिबांच्या हक्कांवर चार वाक्यं ऐकवली. पाचवं सुरू करणार तेवढ्यात म्हातारी माझ्यावरच धावून आली.

"तू कोन गा? जावई हाये तो माह्या. टोपली घरी नेऊन राह्यला. तुले काय करा लागते?"

जावयानं आम्हाला एकेक संत्रं दिलं. आम्ही खाल्लं आणि परत आलो.

घरी बायकोला हे सांगितलं. तिला तेव्हा सातवा महिना लागला होता. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "न्याय शोधाले सीताबर्डीले काहून जाता? रविवारी बसल्या जागी वर पाहा ना."

मी रविवारी वर पाहिलं. पंखा छान फिरत होता. तिला काय म्हणायचं होतं ते माझ्या ध्यानात आलं नाही, हे सांगायला लाज वाटते.

ते ध्यानात आलं मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी. प्रभुभोजनाचा दिवस होता. भाकर आणि द्राक्षारस वाटायला सुरुवात होणार तोच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन बायकांनी तिला धरून बाहेर कडुनिंबाखाली नेलं. प्रभुभोजन तिच्याशिवाय झालं. मी बाहेर आलो तेव्हा ती ओला रुमाल डोक्यावर ठेवून बसली होती आणि रडत होती. तिला मी तिच्या आईच्या मरणाशिवाय कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"पुढच्या खेपेले मी आत बसीन," ती म्हणाली. "बाळंत व्हायच्या आधी मले प्रभुभोजन घ्यायचं हाये. तुम्ही पंचांशी बोला."

पंचांचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. आवाज अजून गाडी सोडायचाच. माझी गोदामातली नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली होती. मी हात जोडून म्हटलं, "दोन पंखे तिकडे लावता येतील का?"

"आणि पदर उडाला तर?" ते म्हणाले. "बाईच्या डोक्यावरचा पदर उडाला की उपासनेची अदब गेली. तुमच्या मिसेसना सोसत नसेल तर घरी राहू द्या. देव घरीपण ऐकते."

मी "बरोबर आहे जी" म्हणून परत आलो. बायकोला सांगितलं की विषय विचाराधीन आहे.

 तिनं चपला घातल्या आणि मिशनच्या कंपाउंडमधल्या घराघरांत जाऊन आली. काय बोलली ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काही करावं लागलं असतं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी घंटेच्या आधीच मी चर्चच्या दारात पोचलो, तर पुरुषांच्या सगळ्या बाकांवर बायका बसलेल्या. आमच्या आत्याबाईंपासून शाळेतल्या पोरींपर्यंत झाडून सगळ्या. प्रत्येकीचा पदर, पोरींची ओढणीसुद्धा, केसांना सेफ्टी पिनांनी घट्ट टाचलेला. वर चारही पंखे पूर्ण वेगानं सुरू. एकीचाही पदर हलत नव्हता. पहिल्या बाकावर, बरोबर पंख्याखाली, माझी बायको.

अध्यक्षांनी मला बाजूला ओढलं. "हे तुम्ही केलं?"

"नाही जी. मले काहीच माहीत नाही."

आत जायची वेळ झाली. पुरुष मुकाट्यानं उन्हाच्या बाजूला जाऊन बसले. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून दोन्ही बाजू पाहिल्या, चष्मा पुसला आणि न्यायाच्या विषयावर त्या वर्षातला सगळ्यांत लांब उपदेश केला. मध्येच एकदा थांबून ते घोटभर पाणी प्याले, तेव्हा उपदेश संपला असं वाटून अध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांचा कोट पाठीला चिकटला होता. पुन्हा बसले. त्या दिवशी माझ्या बायकोनं भाकर घेतली, द्राक्षारस घेतला आणि शेवटचं गीत इतक्या मोठ्यानं म्हटलं की ते मला आमच्या बाजूलाही ऐकू आलं.

बाहेर चहाच्या वेळी दुसऱ्या एका पंचानं मला तेच विचारलं. मी पुन्हा म्हटलं, "माझा काही संबंध नाही."

संध्याकाळी पंचमंडळाची सभा भरली. तिथं तिसऱ्यांदा विचारणा झाली. "नवऱ्यानं शिकवल्याशिवाय बाई असं करन का?" अध्यक्ष म्हणाले. मी बायबलवर हात ठेवायला तयार झालो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी तिला काही सांगितलं नाही, तिनं मला काही सांगितलं नाही.

पाळकसाहेब नगरकडचे, बोलायला हळू. ते म्हणाले, "तीनदा झालं. पेत्रानं प्रभूला तिसऱ्यांदा नाकारलं तसा कोंबडा आरवला होता. आपल्या कंपाउंडमधला कोंबडा आपण नाताळात खाऊन टाकला, म्हणून तुम्ही वाचलात."

सगळे हसले. मीही हसलो. मग ठराव झाला की दोन पंखे बायकांच्या बाजूला लावावेत. एकमतानं. एक सकाळ त्या बाजूला बसल्यावर पंचांना त्यासाठी फार प्रार्थना करावी लागली नाही.

माझ्या बोलण्यावर मात्र कुणी विश्वास ठेवला नाही. अध्यक्ष कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग हळूहळू राग निवला आणि तीच गोष्ट कौतुकानं सांगितली जाऊ लागली. पंधरा वर्षांनी, चर्चच्या वर्धापनदिनी, नव्या पाळकांनी मला पुढे बोलावलं. भगिनींना न्याय मिळवून देणारे आपले बंधू, असं म्हणाले. आरोप होता तेव्हा मी खरं तीनदा सांगितलं होतं. आता तो सन्मान झाला, तर तेच खरं एकदाही तोंडातून बाहेर पडेना. मी मान खाली घालून हार घालून घेतला.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं. तीच, जी तेव्हा पोटात होती. "बाबा, तुम्ही एकटे भांडलात पंचांशी?"

मी "हूं" केलं. बायको तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.  त्या "हूं"नं मला जितकं छळलं तितकं कशानंच नाही.

या पावसाळ्यात, रविवारी साक्ष द्यायच्या, म्हणजे आपापला अनुभव सांगायच्या वेळी, मी काठी टेकत उठलो आणि सगळं सांगून टाकलं. पाळक आता तिसरे, पोरगेलेसे. ते गहिवरून म्हणाले, "पाहा, किती ही नम्रता!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा पलीकडच्या बाकावरून बायको उठली. "नम्रता नाही जी. खरं सांगून राह्यले ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच."

हशा पिकला. निम्म्या लोकांना ती म्हाताऱ्या नवरा-बायकोची थट्टा वाटली, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

त्याच दुपारी मुलीचा पुण्याहून फोन आला. तिला कुणीतरी कळवलं होतं. "आईला द्या," एवढंच म्हणाली. आतल्या खोलीतून मला बायकोचा आवाज ऐकू येत होता, कोण कोण तयार झाल्या, कोणाच्या सासूनं अडवलं, आत्याबाई काय म्हणाल्या. मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बरेच तपशील मला माहीत नव्हते. फोन संपत आला तेव्हा माझी चौकशी झाली.

"ते? बाहेर बसून ऐकून राह्यले," बायको म्हणाली. "ऐकू दे."