नवमीच्या तारखेचे चाकू

कारखान्यातून लाखांनी निघालेल्या चाकूला पुढे जाऊन किंमत येते का, हा प्रश्न मला कुणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. मी भोसरीच्या एका चाकूच्या कंपनीत सत्तावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो. आम्ही घडीचे चाकू बनवायचो, फळं कापायचे, प्रवासात खिशात टाकायचे. पात्याला पॉलिश झालं की ते माझ्याकडे यायचं. मी ते उजेडात धरायचो, अंगठ्याने धार चाचपायचो आणि बुडाशी, जिथे पातं मुठीत शिरतं तिथे, पंच मारायचो: दिवस, महिना, साल आणि माझा नंबर नऊ. कंपनी केव्हाच बंद पडली. शेडमध्ये आता कुणाचं तरी गोडाऊन आहे आणि मी मोशीच्या एका सोसायटीत लिफ्ट का बंद आहे यावर सेक्रेटरीशी भांडत असतो. आमच्या चाकूची किंमत भंगारवाला लावेल तेवढीच, असं माझं मत होतं.

रावेतच्या एका आयटीवाल्याचं मत वेगळं निघालं. पस्तिशीचा माणूस, बोलायला गोड. कुठून तरी माझा पत्ता काढून एका रविवारी सकाळी आला आणि आमच्या टीपॉयवर मखमली कापड पसरून त्यावर आमच्याच कंपनीचे चाळीस चाकू ओळीने मांडून बसला. बायको चहा घेऊन आली ती तशीच परत गेली.

"अहो, हे तर घराघरांत पडलेत," मी म्हणालो. "यांचं काय जमवायचं?"

"काका, तीच तर गंमत आहे. घराघरांत होते म्हणून कुणी जपले नाहीत. डबीसकट, न वापरलेला असा किती जणांकडे असेल? अजून वीस वर्षांनी बघा."

"वीस वर्षांनी मी असेन तर बघीन."

तो हसला, पण माणूस कच्चा नव्हता. त्याने हजारो चाकूंवरच्या तारखा लॅपटॉपमध्ये उतरवल्या होत्या. आमच्याकडे कुठल्या वारी सुट्टी असायची, कुठल्या महिन्यात संप झाला, हे सगळं त्याला चाकूंवरून कळलं होतं. दरवर्षी खंडेनवमी आणि दसऱ्याला खाडा पडायचा, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. मला त्याचं कौतुक वाटलं. आणि मग त्याने वेगळ्या पिशवीतून तीन चाकू काढले.

"यांच्यावर एका वर्षीच्या नवमीची तारीख आहे. त्या दिवशी कंपनी बंद. म्हणून आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात की नकली आहेत. पण नंबर तुमचा आहे, नऊ. एक नाशिकला सापडला, एक कोल्हापूरला, एक हुबळीला. तुम्ही हात लावलात की सांगाल, खरे की खोटे."

मी हात लावला नाही. त्याला म्हणालो, एक ठेवून जा, भिंगाखाली बघतो, आठ दिवसांनी सांगतो. खरं तर भिंगाची काही गरज नव्हती. नऊच्या आकड्याची शेपटी माझ्या पंचात जराशी तुटलेली होती, ती मला समोरून दिसत होती.

त्या नवमीला कंपनी चालली होती.

आमच्याकडे अष्टमीच्या संध्याकाळी सगळी मशीनं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून ठेवायचे. मग दोन दिवस त्यांना हात लावायचा नाही. त्या वर्षी दिवाळीच्या भेटीसाठी एक मोठी ऑर्डर होती. साहेबांनी मला सांगितलं, नवमीला सकाळी पाच-सहा माणसं घेऊन अर्धी शिफ्ट चालव, हजेरी मागाहून लावू. पॉलिशच्या मशीनवर माझ्या शेजारी काम करणारा माणूस बीडकडचा होता, माझ्याच वयाचा, तेव्हा थेरगावला राहायचा. मीही तिथेच दोन गल्ल्या सोडून. त्याला घरून मी बोलावून आणलं.

"आज चाकाला हात लावू नई म्हणतेत आमच्याकडं," तो शेडमध्ये शिरताना म्हणाला.

"देव काय टाइम ऑफिसात बसलाय का?" मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला.

मशीनवर हार होता. पूजेचा हार दसऱ्याआधी काढायचा कसा? मग मीच तोडगा सुचवला: हार काढायचा नाही, नुसता वर सरकवून ठेवायचा आणि काम सुरू करायचं. म्हणजे देवही राजी आणि साहेबही. तीन तास सगळं सुरळीत चाललं. मग हाराचा दोरा खाली सुटला आणि चाकात गुंडाळला गेला. पॉलिशचं चाक कापडाचं असतं, दिसायला मऊ, पण त्याचा वेग असा की एकदा त्याने काही ओढलं की सोडत नाही. त्या माणसाने दोऱ्याकडे हात नेला तेव्हा दुसऱ्या हातात पातं होतं. चाकाने ते हिसकलं आणि त्याच्यावरच फेकलं. एवढंच घडलं. मशीन बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहिलं आणि त्यातून झेंडूच्या पाकळ्या उडत राहिल्या. मला तो माणूस पडलेला आठवत नाही, त्या पाकळ्याच आठवतात.

तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला. कंपनीने सांगितलं, नवमीला कारखाना बंद होता; हा आपल्या मनाने आत शिरला आणि चोरीची पाती पॉलिश करत होता. चौकशीला आलेल्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, मी घरी होतो. बाकीचेही तेच म्हणाले. त्या वर्षी माझी नोकरी पक्की होणार होती. याहून मोठं कारण नव्हतं, आणि याहून मोठं कारण असतं तरी लाज तेवढीच वाटली असती.

दसरा झाल्यावर साहेबांनी त्या दिवशीच्या पात्यांचे ट्रे माझ्यापुढे ठेवले. तारीख घासून काढ, आजची मार. मी दोन दिवस बसून एकूण एक पातं घासलं. कामात चूक न करणारा माणूस म्हणून माझं नाव होतं. शेवटी ट्रे दोनदा तपासले, जमिनीवर पडलेली पाती वाकून उचलली. नवमीच्या तारखेचं एकही पातं त्या शेडमधून बाहेर गेलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

आणि एक माझ्या घरात टीपॉयवर पडलं होतं.

मी स्वतःची समजूत घातली. काही पाती आधीच मुठी बसवायला गेली असतील, कुणी तरी एखादा ट्रे पलीकडे ठेवला असेल. समजूत पटायची, पण चाकू उघडला की जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खिडकीत धरून पाहिला तर घडीच्या खाचेत पॉलिशचा हिरवट मळ होता आणि त्यात एक पिवळा दोरा रुतलेला. कापडी चाकाचे दोरे सुटतातच, सत्तावीस वर्षं मी ते फुंकरून उडवले आहेत. पण ते पांढरे असायचे. मी टाचणीने तो काढायला गेलो. तुटला, पण निघाला नाही. बायको म्हणाली, "ते आधी घराबाहेर न्या. मला आवडत नाही ते इथे." मी तिला काही सांगितलं नव्हतं. या गोष्टीतलं एक अक्षर तिला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मला वेड लागल्यासारखं झालं. जिथे चाकू दिसेल तिथे मी वाकून तारीख वाचू लागलो. व्याह्यांच्या स्वयंपाकघरात, नारळवाल्याकडे, केटरिंगवाल्याच्या टोपलीत. आमच्या कंपनीचे चाकू अजून एवढे हातांत आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. सगळे एकसारखे. हाताने घडवलेली वस्तू एखाद्याची असते, ती हरवली की हरवली. आमच्या चाकूचं तसं नाही, एक पुरला तरी त्याच चेहऱ्याचा दुसरा समोर येतो. गर्दीत एकाच माणसाचं तोंड पुन्हा पुन्हा दिसावं तसं मला व्हायचं, आणि मी घाबरायचो. साठीच्या माणसाने भरदुपारी घाबरणं शोभत नाही, पण घाबरायचो.

चौथ्या दिवशी काही कामाने चाकणला गेलो होतो. चौकाच्या अलीकडे एक पेरूवाला उभा होता. त्याच्या हातात आमचा चाकू होता, पातं झिजून झिजून बोटाएवढं उरलेलं. मी पेरू मागितला आणि म्हणालो, जरा चाकू बघू.

"हा न्हाई मिळायचा, राव," तो म्हणाला. "याची धारच जात न्हाई. पण लय लागतो बघा. धरनाऱ्यालाच लागतो."

त्याने चाकू गाडीवर ठेवला, मी उचलला. धारेकडची बाजू खाल्ली गेली होती, मुठीला तार गुंडाळली होती. बुडाशी तारीख मात्र काल मारल्यासारखी. नवमीची. नऊ नंबर, शेपटी तुटलेली. पेरूवाल्याने मीठ लावून फोड पुढे केली ती मला धरवेना.

घरी येऊन त्या आयटीवाल्याला फोन केला. म्हणालो, चाकू खरे आहेत. त्या दिवशी काम चाललं होतं आणि एक माणूस गेला होता. तो म्हणाला, "वाईट झालं हो काका." तो मनापासून म्हणाला असावा. पण पुढे म्हणाला, "खरं सांगू का, ही गोष्ट लेखी असेल तर या पिसेसची किंमत कुठच्या कुठे जाईल." आता मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. लाखांतल्या एका चाकूला किंमत कशाने येते, तर त्यापायी माणूस मेला तर येते. मी फोन ठेवला. त्याच्यावर चिडायचा मला काय हक्क होता? त्याच माणसाच्या मरणातून माझी नोकरी पक्की झाली होती.

त्या पॉलिशवाल्याची बायको अजून थेरगावलाच राहते हे मला माहीत होतं. डांगे चौकाकडून जाताना मी ती गल्ली टाळतो, म्हणून तर माहीत होतं. ती डबे करून देते. दुपारचे डबे गेल्यावर तीनच्या सुमाराला मी दार वाजवलं. तिने मला लगेच ओळखलं.

"या. बसा," ती म्हणाली. "लय वर्षं लावलीत."

मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. म्हणजे सगळं नाही. शिफ्ट चालली होती, पाती कंपनीची होती, तारखा मी घासल्या, चौकशीत मी खोटं बोललो. चाकू रुमालातून काढून तिच्यापुढे ठेवला. तिने त्याला हात लावला नाही, वाकून तारीख तेवढी वाचली. "माझ्या पोरीला सासरी चोराची पोर म्हणतेत," ती म्हणाली. "आजबी. भांडण झालं की पहिलं तेच काढतेत. दवाखान्यात हे सारखे म्हणायचे, इन्स्पेक्टर होता माझ्या शेजारी, त्यो सांगंल. दारावर टकटक झाली की मला वाटायचं तुम्हीच आलात." मग तिने चाकूकडे बोट केलं. "असे अजून हाईत?"

"असतील. चार पाहिले."

"म्हणजे ज्याच्यावर ही तारीख, ती त्यांची हजेरीच की."

रडू आलं ते मी तिच्यापुढे रडलो, तिने आवरा म्हटलं नाही. तिने डब्यांच्या हिशेबाची वही आणली, मागचं कोरं पान फाडलं आणि पेन दिलं. मी लिहिलं. अमुक दिवशी काम चालू होतं, हा माणूस ड्युटीवर होता, पाती चोरीची नव्हती, मी खोटी साक्ष दिली. खाली सही केली, पेनला टोपण लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंग हलकं वाटलं, आणि मनात आलं की आता निघावं.

तिने कागद घेतला आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचला. दोनदा वाचला.

"त्या दिशी मी आत पुरण वाटत होते," ती म्हणाली. "खाली कुणी तरी गाडीचा हॉर्न वाजिवला. हे जायचं नाही म्हणत होते. मी म्हणलं, एवढं घ्यायला आलेत तर जावा की, तासाभराचं काम असंल. मीच धाडलं त्यांला. लेकराच्या गळ्याची आन, तवापासून मला नीट झोप नाही. कोण आलं होतं, ते तुम्हाला म्हाईत असंल."

माहीत नाही म्हणता आलं असतं. तिने खिडकीतून पाहिलं नव्हतं, त्या हॉर्नवर कुठली तारीख नव्हती.

"मीच आलो होतो," मी म्हणालो.

तिने कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझ्या सहीच्या वर बोट ठेवलं.

"हितं जागा हाय अजून," ती म्हणाली.