सहा बांबू, एक आढं आणि धूमेश्वर

गेल्या साली कार्तिकात पवायाच्या धर्मशाळेत मला दोन माणसांनी बगलेत हात घालून उठवलं. गव्हाचं पोतं उचलतात तसं. पहाटेच्या स्नानाला सगळ्या बाया नदीकडे निघाल्या आणि मी भुईवर या कुशीची त्या कुशीला होत राहिले. डावा गुडघा वळेचना. उठवणाऱ्यातला एक हसत म्हणाला, "अम्मा, अगली साल घर सेई हाथ जोड़ लियो." मी तिथल्या तिथे ठरवलं. पुढल्या साली येणार, आणि उठणार ती आपली आपण.

घरी मुलाने, यशवंताने, तोच निकाल गोड शब्दांत दिला. "आई, पुरे झालं आता. त्रिपुरी पौर्णिमेची वात इथेच देवघरात लाव. देव काय पवायालाच राहतो?"

देव सगळीकडे राहतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आम्ही दोघं ती वात पवायाला, धूमेश्वराच्या देवळात लावत आलो. हे गेल्यावरही मी खंड पडू दिला नाही. तो काय गुडघ्याने पाडायचा?

अडचण एवढीच, की कार्तिकात त्या धर्मशाळेत खाट मिळत नाही. व्रताचे दिवस, सगळे भुईवर निजतात. निजायला मीही निजेन, उठवायचं कुणी? घरची खाट न्यायची तर गाडीवानापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या पाया पडा. म्हणून मनात आली झोळी. आपण लेकरांना लुगड्याच्या झोळीत निजवतो ना, तशीच, पण माझ्या मापाची. टांगायची कुठे? धर्मशाळेला कड्या नाहीत आणि नदीकाठी नुसता खडक, झाड नाही. म्हणजे झोळीचा आधारही घरून न्यायचा, आणि तो मला एकटीला उचलता आला पाहिजे.

आमचे हे सरकारी फरासखान्यात होते. तंबू शिवणं, उभारणं, गुंडाळणं यात त्यांचा जन्म गेला. दोऱ्यांच्या गाठी मी त्यांच्या शेजारी बसून शिकले, आणि अक्षरं शिकले ती तंबूंच्या गाठोड्यांवर रंगवलेली नावं वाचून. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण तंबू का पडतो हे मला कळतं असा माझा समज होता.

आमच्या गावातल्या बाडा चौकामागच्या गल्लीत मुन्नालाल बांबूवाला बसतो. त्याने जाड, भरीव बांबू पुढे केले. "जे ले जाओ अम्मा, हाथी टाँग लियो."
"हत्ती नाही रे, मला टांगायचंय स्वतःला."
तो दचकला. "राम राम! ऐसी का विपदा आ गई?"
त्याची समजूत घालून मी पोकळ, हलके, पेरं जवळ जवळ असलेले बांबू निवडले. पायांचे सहा, माझ्या डोक्याच्या वर वीतभर उंच. तीन-तीन बांबू शेंड्याला बांधून खाली फाकवले की दोन तिवया झाल्या. एक डोक्याकडे, एक पायांकडे. मधे नऊवारी लुगडं दुपदरी करून बांधलं आणि मी ऐटीत बसले.

दोन्ही तिवया एकमेकींना भेटायला धावल्या. मी मधे, लुगड्यात, खाली फरशी. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सूप ठेवून त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर लागला. "वैनी, बारसं कधी करायचं? नाव काय ठेवू?"
"नाव चांगलं ठेवा," मी पडल्या जागेवरून म्हटलं, "पवायाला हाक मारायला लागेल."

चूक कळायला दोन दिवस गेले. घरात झोळी आपण तुळईला टांगतो, तुळई हलत नाही. म्हणून ताण कुठे जातो याचा विचारच कधी करावा लागत नाही. इथे लुगडं तिवयांना आत ओढत होतं आणि त्यांना दूर ठेवणारं मधे काही नव्हतं. तंबूला आढं असतं! जन्मभर आढ्याखाली बसून दोऱ्या वळल्या, आणि तेच विसरले. मग एक लांब बांबू आणला, दोन्ही तिवयांच्या बेचक्यांत आडवा टेकवून बांधला आणि झोळी त्याच्याच टोकांना अडकवली. आढं गाडीत मावेना, म्हणून मधून कापून लोहाराकडून जोडावर दीड वितीची लोखंडी नळी बसवून घेतली. दगडावर पाय घसरू नयेत म्हणून बुडख्यांना गोणपाट गुंडाळलं आणि प्रत्येक तिवईच्या तिन्ही पायांभोवती खाली एक दोरी फिरवली. कुणाला करायचं असेल त्यांनी ही दोरी विसरू नये.

मग पुन्हा बसले. आडवी झाले. उठायची वेळ आली तेव्हा हात आपोआप वर गेला, आढ्याला धरलं, ओढलं, आणि पाय जमिनीवर टेकून मी उभी होते. गुडघ्याने कुरकुर केली, पण त्याला विचारतो कोण! मी तीनदा निजले, तीनदा उठले.

यशवंत कचेरीतून आला. "आई, हे काय करून राहिलीस तू?"
मी चौथ्यांदा उठून दाखवलं. त्याने आढं हाताने हलवून पाहिलं. मग म्हणाला, "हे सगळं सोडून, बांधून, अंगणातून फाटकापर्यंत तू एकटीने नेलंस, तर जा. कुणी हात लावणार नाही."
आठ तुकडे, एक लुगडं, दोऱ्या. मोळी बांधली, खांद्यावर घेतली. मधे तुळशीपाशी एकदा टेकवली. टेकवायचं नाही असं ठरलं नव्हतं. फाटकाची कडी मोळीच्या टोकानेच उघडली.

वन्सं बरोबर आल्या. मला सांभाळायला, असं त्यांनी आळीभर सांगितलं.

सकाळची झांशीकडची पॅसेंजर बरी. बायकांच्या डब्यात बाकाखाली मोळी आरामात मावते. डबऱ्याला उतरलात की स्टेशनाबाहेर गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी मिळते, पण कार्तिक पाळत असाल तर आधी कांदा-लसणाचं विचारा. आम्ही दशम्या आणि तिळाची चटणी नेली होती. तिथून भितरवारपर्यंत लॉरी. लॉरीवाल्याने मोळी पाहून विचारलं, "अम्मा, लठैती करबे जा रईं का?" मी म्हटलं, वेळ पडली तर लाठीही चालवीन. त्याने मोळीचं भाडं घेतलं नाही. पुढे बैलगाडी. रस्ता म्हणजे चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना हरभरा नुकता वर आलेला. गाडीत गादी घालून घ्या, नाहीतर कंबर निराळी पोचते आणि तुम्ही निराळे. नदीचा आवाज देवळाच्या आधी येतो. इथल्या सिंध नदीचं पाणी खडकावरून खाली कोसळतं, त्याचे तुषार लांबवर उडतात, आणि वर दगडी चौथऱ्यावर धूमेश्वर.

धर्मशाळेच्या अंगणात मी आढं जोडत होते तेव्हा पुजारीबाबा आले. उंच, कोरडा माणूस. "माताजी, कार्तिक में यहाँ खाट नहीं लगती. भूमि पर सोने का नियम है."
वन्सं पटकन म्हणाल्या, "खाट कुठाय? खाटेला चार पाय, याला सहा."
"वन्सं, गप्प बसा," मी म्हटलं. देवाच्या दारात असली वकिली मला नको होती. बाबांना म्हणाले, "नियम आपकी धर्मशाला का है, महाराज. घुटना मेरा है. मैं बाहर सोती हूँ."
"बाहर पत्थर है. खूँटी नहीं गड़ेगी."
"मेरे को खूँटी नहीं लगती."

मोळी पुन्हा खांद्यावर घेतली आणि घाटाच्या वरच्या फरशीवर आले. तिथे आजवर कुणी तंबू ठोकला नसेल. माझ्या तिवया गोणपाटाचे पाय घालून उभ्या राहिल्या. बाया गोळा झाल्या. गेल्या सालचा तो हसणारा माणूसही आला, एका बांबूला त्याने हात लावला. "हाथ हटाओ भैया," मी म्हटलं, "इस साल काम नहीं है तुम्हारे लिए."

थंडी होती. खालून वारा लागतो, म्हणून झोळीत घोंगडी अंथरूनच निजा. मला ते तिथे कळलं. कानाशी पाणी आणि डोक्यावर उघडं आभाळ. झोप चांगली लागली असं म्हणणार नाही; लागली तेवढी माझी होती.

पहाटे शंख झाला. मी हात वर केला, आढं दवाने ओलं होतं. पदराने पुसलं, धरलं, उठले. कुणी जवळ नव्हतं. पायऱ्या उतरून पहिली बुडी मी मारली. वर आले तेव्हा धर्मशाळेतून बाया निघत होत्या आणि आतून वन्संचा आवाज येत होता, "अगं कुणीतरी हात द्या गं!" भुईने त्यांची कंबर धरली होती. मी आत जाऊन त्यांना हात दिला. बारशाचं मी काढलं नाही. त्यांनीही नाही.

दुपारी मी फरशीवरच्या दगडावर बसून वाती तुपात भिजवत होते. त्या म्हणाल्या, "वैनी, जरा टेकू का?" टेकल्या त्या तिसऱ्या प्रहरापर्यंत. घोरत होत्या.

संध्याकाळी देवळाच्या चौथऱ्यावर साडेसातशे पदरांची त्रिपुर वात लावली. पुजारीबाबांनी आपल्या हाताने पणतीभोवती आडोसा धरला. दोघांच्या नावाची वात हे गेल्यापासून मी एकटीने लावते. या वर्षीही लावली. तेव्हा धरायला कुठलं आढं नसतं.

परत येऊन आठ दिवस झाले. खांद्यावर मोळीचा वळ आहे, गुडघा होता तसाच आहे. तो बरा होईल म्हणून मी गेलेच नव्हते. काल वन्सं सहज विचारत होत्या की मुन्नालालकडे तसले बांबू अजून असतील का. आणि आज सकाळी यशवंताने मोळी उचलली, फडक्याने पुसली आणि शिडी मागितली. "माळ्यावर ठेवतो आई. पुढच्या कार्तिकाला काढून देईन."

मी मोळी त्याच्या हातातून घेतली आणि फाटकाच्या आत, छत्रीशेजारी उभी केली. माळ्यावर गेली की काढून द्यायला माणूस लागेल.