नाथाजी हवालदारांची केचुआ

पुसेगावच्या पुढं एका वाडीत नाथाजी इंगवले नावाचे हवालदार राहायचे. एकोणीस वर्षं फौजेत काढून एकोणनव्वद साली ते घरी आले, ते पंजाबी घेऊनच. बैल नांगराला अडला की त्याला पंजाबीत शिवी बसायची आणि बायको अंबूबाईनं चहा दिला की तिला 'चंगा' मिळायचं. दोघांनाही शब्द कळायचे नाहीत, सूर मात्र बरोबर कळायचा.

वाडीत बटाट्याचं पीक मोठं. दर वर्षी जालंधरहून बियाण्याचे ट्रक यायचे. सरदारजी ड्रायव्हरांशी बोलायला नाथाजीच लागायचे, आणि त्या चार दिवसांत त्यांचे पाय जमिनीला लागत नसत. उरलेलं वर्ष ते पारावर बसून एकाहत्तरची लढाई लढायचे. फाजिल्क्याच्या बाजूला शत्रूच्या रणगाड्यावर चढून त्यांनी झाकण कसं उघडलं, हे वाडीतल्या पोराटोरांना पाठ होतं. सुरुवातीला रणगाडा एक होता. पाच वर्षांत त्यांचे तीन झाले होते.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात पेरू देशातून क्विस्पेबाई नावाच्या शास्त्रज्ञ वाडीचा बटाटा बघायला आल्या. बरोबर त्यांच्याच गावाकडचा एक सहकारी होता, आणि इंग्रजीचं मराठी करायला कृषी सहायक क्रांती मोहिते. बांधावर उभं राहून ते दोन पाहुणे आपसात त्यांच्या केचुआ भाषेत बोलू लागले. नाथाजी छत्री मिटून, भिजत ऐकत राहिले.

"क्रांतीताई," ते शेवटी म्हणाले, "ही तर पंजाबीच हाय."

क्रांतीनं हसू दाबत ते इंग्रजीत सांगितलं. पण बाई कौतुकानं हसल्या आणि त्यांनी साठेक शब्द अर्थासकट लिहून दिले. तो कागद नाथाजींनी देव्हाऱ्यात ठेवला.

मग वर्षभर संशोधन चाललं. केचुआत चंद्राला 'किल्ला' म्हणतात आणि पंजाबात एकराला 'किल्ला'. म्हणजे चंद्रावरची जमीन पहिल्यांदा पंजाब्यांनी मोजली असणार. केचुआत 'मना' म्हणजे नाही, आणि पंजाबीत मना म्हणजे बंदी. बापाला तिकडं 'ताय्ता', चुलत्याला पंजाबीत 'ताया'. बाप आणि चुलता यांतला फरक नाथाजींनी समुद्रप्रवासावर ढकलला. जुळणारे शब्द अकरा निघाले. न जुळणारे एकोणपन्नास त्यांनी 'नंतर बिघडलेले' म्हणून बाजूला काढले. हायस्कूलचे मुख्याध्यापक मधुकर कुलकर्णी सर म्हणाले, "हवालदार, हिंदीत केंचुआ म्हणजे गांडूळ." नाथाजींनी तेही वहीत घेतलं, कारण गांडूळ आणि बटाटा एकाच मातीतले.

वाडीला ह्यातलं काही कळत नव्हतं. त्यामुळं वाडीनं त्यांना विद्वान मानलं. सरपंच भाऊसो जगतापांनी ग्रामपंचायतीतर्फे शाल दिली.

पुढच्या वर्षी क्विस्पेबाई पुन्हा आल्या, तेव्हा हायस्कूलच्या व्हरांड्यात नाथाजींचं व्याख्यान ठेवलं. विषय: 'केचुआ ही पंजाबीची धाकटी बहीण'. सगळी वाडी जमली. नाथाजी पाऊण तास बोलले. भाषेचा पुरावा कमी पडला तिथं त्यांनी रणगाडे घातले. क्रांती बाईंच्या कानाशी सगळं इंग्रजीत सांगत होती.

बाईंनी शेवटपर्यंत नीट ऐकलं. मग त्या सावकाश बोलल्या आणि क्रांतीनं मराठी केलं.

"बाई म्हणतात, शब्द कुठलेही कुठंही जुळतात. तुम्हीच आत्ता सांगितलंत, पंजाबीत 'आम्ही'ला आणि 'आपण'ला 'असीं' एकच. त्यांच्यात 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, आपल्या मराठीसारखे. मग मराठी का नाही घेतली?"

नाथाजींनी वही चाळली. मराठी त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. ती तर घरात सगळ्यांनाच येत होती.

"आणखी एक विचारतात. त्यांच्या भाषेत काही सांगताना शब्दाला शेपूट लावतात. स्वतः पाहिलं असेल तर 'मी', लोकांकडून ऐकलं असेल तर 'सी'. त्या रणगाड्याला कुठलं लावायचं?"

बाईंनी हे खोडीनं विचारलं नव्हतं. त्यांना व्याकरण समजावायचं होतं. पण सगळी वाडी नाथाजींच्या तोंडाकडं बघू लागली. नाथाजींनी पाणी मागितलं. पाणी आलं, ते प्याले, आणि खाली बसले.

त्या दिवसापासून त्यांचं पारावर बसणं अवघड झालं. ते नुसतं "काल लय गारठा पडला" म्हणाले, तरी कुणीतरी विचारायचं, "हवालदार, मी का सी?" आठ दिवस त्यांनी घर सोडलं नाही.

नवव्या दिवशी जेवताना ते अंबूबाईला म्हणाले, "रणगाडा म्या बघितलाच न्हाई. लढाई चालली तवा मी जालंधरला रेशनच्या डेपोत बटाटं मोजत हुतो."

"ठावं हाय," अंबूबाई भाकरी वाढत म्हणाली. "आवं, तुमच्या पत्रात कांद्याबटाट्याशिवाय काय असायचं? मास्तरच वाचून दावायचे मला."

"मग बोलली न्हाईस ती कवाच?"

"तुमी कवा इचारलं?"

नाथाजींना लाज वाटली, आणि भूकही लागली. त्यांनी आणखी एक भाकरी घेतली.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा झाली. भाऊसो उभे राहिले आणि म्हणाले, "वस्तीचा रस्ता मंजूर झालाय. श्रमदान आपन सगळ्यांनी करायचं. मंजुरी आमी आनली."

मागच्या रांगेतून नाथाजी उठले. "भाऊसो, मंजुरीचा कागद तुमी सोता बघितला? मी का सी?"

सभेत खसखस पिकली. भाऊसोंनी ग्रामसेवकाकडं पाहिलं, ग्रामसेवकानं छताकडं.

"सायबांनी सांगितलंय," भाऊसो म्हणाले.

"म्हंजी सी. आन घमेली उचलायला 'आपन', फोटो काढायला 'आमी'. मराठी लय बारीक भाषा हाय गड्या, पंजाबीत हे गावलंच नसतं."

कागद निघाला नाही. सभा चहावर आटोपली, आणि लोक घरी जाताना 'मी का सी' एकमेकांना विचारत गेले. सासू सुनेला, मेव्हणा मेव्हण्याला, दूधवाला डेअरीच्या मापाड्याला. पंधरवड्यात वाडीतलं निम्मं बोलणंचालणं बंद पडलं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की असलं परदेशी व्याकरण आपल्याला परवडत नाही.

सत्त्याण्णवच्या निवडणुकीत भाऊसोच पुन्हा निवडून आले. रस्ताही झाला, त्यांच्या विहिरीपर्यंत. नाथाजी आता पारावर बसून डेपोतल्या गोष्टी सांगतात. पोती कशी रचायची, सडका बटाटा वासावरून कसा ओळखायचा, सगळं स्वतः पाहिलेलं. ऐकायला एकटा आकाराम सुतार येतो. त्याला ऐकू जरा कमीच येतं.