हात भाईर, मंग पाय

"भाईर म्हणजे काय हो?" मॅडमनी इचारलं, आन् लॅपटॉपमधल्या सगळ्या चौकोनांतली मानसं हसली.

वरव्याजवळच्या कारखान्यात सोळा वरसं मी प्रेसवर पत्रा कापत व्हते. नव्या पोरींसाठी मोबाईलवर बघायचं ट्रेनिंग बनवायचं, म्हनून सायबांनी मला लॅपटॉपम्होरं उभं केलं. पुन्याच्या हापिसातल्या त्या मॅडम आन् त्यांची मानसं तिकडून बघत व्हती. नवी साडी नेसून गेले व्हते, लई हौस! म्या सांगितलं, "हात भाईर, मंग पाय." पत्रा ठेवला की हात आदी भाईर काढायचा, मंगच पायानं पेडल दाबायचं, दाबलं की वरनं पातं खाली येतं. एवढ्यावरच माजी धा बोटं शाबूत हायत.

मॅडम म्हनल्या, "हात छान दिसतायत. आवाज मात्र बदलू. भाषा शुद्ध हवी."

म्या मान हलवली. थुत्! कशाला हलवली?

महिन्यानं ट्रेनिंग आलं. हात माजे, बांगड्या माज्या, आवाज कुना दुसरीचा. "हस्त सुरक्षित क्षेत्रात असल्याची खातरजमा करूनच पादचालक कार्यान्वित करावा." खाली परीक्षा. पादचालक कवा कार्यान्वित करावा? पेडललाच पादचालक म्हनत्यात, हे मला काय ठावं? मला वाटलं, पायी चालनारा मानूस. म्हनून 'मार्ग मोकळा असताना' ह्यावर बोट ठेवलं. लाल अक्षरं आली, अनुत्तीर्ण.

सायब म्हनाले, "मावशी, पास होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. झाडू घ्या." शिकवनारीच नापास! पोरी फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माज्या प्रेसवर वेल्ह्याकडची नंदा बसली. नवी पोरगी, अंदाजानं बटनं दाबून पास झाल्याली. जाऊन तिला चार शब्द सांगायचे व्हते. न्हाई सांगितले. नापास बाई काय सांगनार? खाली बघून झाडत ऱ्हायले. ती लाज मला अजून खाते.

तिसऱ्या दिशी पत्रा आत अडकला. तिनं हात घातला. पाय पेडलवरच. मी वरडले, "नंदे, पाय!"

दोन बोटं गेली.

माजा पदर तिच्या हाताला गुंडाळला. ती एकच म्हनत व्हती, "मावशी, मला कुनी सांगितलंच न्हाई गं."

चार दिसांनी सायबांनी मोबाईल म्होरं धरला. सगळ्यांनी पुन्यांदा ट्रेनिंग बघून 'मला समजले' हे बटन दाबायचं.

"दाबा मावशी. नंदानं पण दाबलं होतं, म्हणजे चूक तिचीच."

"न्हाई दाबनार. मला समजलं न्हाई. तिलाबी समजलं नव्हतं. तसं लिवा."

"नोकरीवर पाणी सोडावं लागेल."

"सोडते."

मला अजून कामावरनं काढलं न्हाई. मशीनबी दिलं न्हाई, झाडूच हाय. ते ट्रेनिंग तसंच चालू हाय, माज्या हातांसकट, आन् ते बंद करायची माजी ताकद न्हाई. नंदा घरी बसलीया. पर रोज पाळी सुरू व्हताना मी प्रेसपाशी जाते, एकेका नव्या पोरीचं मनगट धरते आन् तिच्याकडनं म्हनून घेते. हात भाईर, मंग पाय. ज्याला हसायचं त्यानं हसावं. भाईर म्हंजी भाईर.