दोन डाव्या बाह्या

मास्तरीणबाई म्हटलं की लोकांना शाळा आठवते. ही मास्तरीण शाळेतली नव्हे. टेलर मास्तरांची लेक, आणि बापाच्या पश्चात स्वतःच मास्तर झालेली. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. पुढे मोठा आरसा, पडद्याआड माप घ्यायची जागा, भिंतीलगत शिलाई मशिनं, आणि मधोमध कापड बेतायचं लांबरुंद टेबल. शिवायला दोघीजणी होत्या, काजं-बटणं आणि इस्त्री यजमान सांभाळायचे. पण कात्री? कात्रीकडे दुसऱ्या कुणी नुसतं बघितलं तरी बाईंच्या कपाळावर अशी आठी पडायची, की बघणारा आपण होऊन आरशात बघायला लागायचा!

आणि का पडू नये आठी? बाईंच्या हातचा कोट म्हणजे कोट. जाड्याला बारीक दाखवावं, पोक आलेल्याला ताठ करावं, ही त्यांची करामत. त्यांचा एकच नियम होता, वडिलांकडून आलेला. कापताना उभं राहायचं. "बसून कापलेला कपडा बसकाच होतो," असं वडील म्हणायचे, आणि लेकीनं ते वाक्य हाडीमाशी मुरवलं होतं.

पण हाडं ऐकतात थोडीच! दुसऱ्यांच्या कमरा मापता मापता स्वतःची मापायची राहून गेली. वजन वाढत गेलं, गुडघे झिजत गेले. आधी कुरकुर, मग ठणका, आणि शेवटी अशी वेळ आली की पाठीचा भाग बेतून झाला की समोरचा बेतायच्या आत टेबलाच्या कडेला रेलून डोळे मिटायची पाळी. गुडघ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मान हलवली. म्हणाले, "गुडघा बदलावा लागेल. पण या वजनात भूल द्यायला मी धजावणार नाही, आणि नवा गुडघाही टिकणार नाही. आधी वजन खाली आणा. तोवर बसून काम करा."

बसून! बाईंना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. उंच स्टुलावर बसून त्यांनी एक सदरा बेतून पाहिला, तर कात्री टेबलाच्या मध्यापर्यंत पोचेना. आता वजन उतरलं नाही, तर कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची. इतकं साधं होतं ते. आणि वजन उतरवायचे प्रयत्न काही पहिल्यांदा नव्हते. किती वेळा उतरलं आणि किती वेळा व्याजासकट परत आलं, ते आरशालाच ठाऊक.

म्हणून मग त्या वजनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. या बाई वयानं लहान, पण जिभेला धार. आधी त्यांनी सगळी चौकशी केली. घरात कुणाला गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताचे खडे, मधुमेह, चालू गोळ्या. रक्तदाबाची गोळी चालू होती, ती लिहून घेतली. मग आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलं. पेनासारखं, स्वतःच पोटाच्या कातडीत टोचायचं.

"नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे औषध भूक कमी करतं, वजन तुम्ही कमी करायचंय. जेवण पूर्वीपेक्षा कमी, पण तीन वेळा. आधी डाळ, अंडं किंवा मासे, मग भाजी, मग भाताचा लहानसा वाटा. पाणी भरपूर. गुडघ्याला झेपेल तेवढा व्यायाम. सुरुवातीला मळमळेल, त्याला घाबरू नका. पण उलट्या थांबेनात किंवा पोटात जोराची कळ आली तर तडक इकडे या. डोस मी वाढवीन, तुम्ही नाही. आणि हे औषध फक्त तुमचं. कुणालाही द्यायचं नाही."

"आम्ही कुणाला कशाला देतोय!" बाई म्हणाल्या.

सुई टोचताना यजमानांनी तोंड फिरवलं. बाईंना हसू आलं. जन्मभर बोटांना सुया टोचून घेतलेली बाई ती, तिला या सुईचं काय कौतुक! पण औषधानं जे केलं, त्याचं मात्र त्यांना नवल वाटलं. भर दुपारी पोटात कावळे ओरडायचे, ते एकदम चिडीचूप झाले. समोरच्या बेकरीतून वास आला तरी मान वळेना. आयुष्यात पहिल्यांदा बाई जेवणाचा विचार न करता अख्खा कोट बेतू शकल्या. त्यांना वाटलं, आपल्याला एवढी वर्षं लोकांनी खादाड म्हटलं, ते खरंच आपल्या हातात नव्हतं की काय? त्या रात्री उशीत तोंड खुपसून त्या थोड्या रडल्याही. बरं वाटलं म्हणून.

आणि मग नेहमीचंच. बोट दिलं की हात धरायचा! बाईंनी हिशेब मांडला, की भूकच नाही तर जेवायचं कशाला? तीन वेळा थोडं थोडं जेवून काटा एवढा उतरतो, तर जेवणच सोडलं की धावत उतरेल. कुणाला काही बोलल्या नाहीत. सकाळी चहा, रात्री यजमानांसमोर दोन घास, आणि दुपारचा डबा दुकानामागच्या दारात बसणाऱ्या कुत्रीला. वजन उतरायला लागलं. बाई खूश. कुत्री त्याहून खूश.

यजमान तसे गरीब गाय. पण डोळे होते त्यांना. एक दिवस इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले, "अगं, ही कुत्री काय पोटुशी आहे का? दारातून आत मावत नाही."

"मला काय ठाऊक!" बाई म्हणाल्या आणि खडू उचलला.

त्याच दिवशी टपालवाल्या बाईंचा कोट बेतायचा होता. टपालवाल्या बाई निवृत्त होत होत्या. जन्मभर खात्याचा गणवेश घातला, आता निरोपाच्या दिवशी स्वतःच्या पसंतीचा कोट घालणार म्हणून हौसेनं कापड आणलेलं. कापड सुंदर, पण पन्हा अपुरा, म्हणजे रुंदी कमी. पन्हा पुरेसा असला की कापड दुमडायचं, दोन्ही बाह्या एकदम कापायच्या, जोडी आपोआप निघते. पन्हा कमी पडला की एकेक बाही वेगळी बेतावी लागते, आणि दुसरीच्या वेळी नमुन्याचा कागद उलटा ठेवावा लागतो. नव्यानं शिकणाऱ्या मुलीलाही हे पहिल्या महिन्यात शिकवतात. बाईंनी पहिली बाही कापली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबलाला धरून त्या क्षणभर थांबल्या, पाणीही प्यायल्या नाहीत, आणि दुसरी कापली.

टाचणी लावताना शिवणारी बाई घुटमळली. दोन्ही बाह्या तिनं छातीशी धरल्या, फिरवल्या, परत फिरवल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मास्तरीणबाई, या दोन्ही डाव्या आहेत हो."

मशिनं थांबली. कापून झाल्यावर बाई स्टुलावर टेकल्या होत्या. उठायला गेल्या आणि तिथंच स्टुलावरून घसरून जमिनीवर बसल्या. तोंडाला कोरड, हात गार, कपाळावर घाम.

यजमानांनी त्यांना साखरपाणी पाजलं, पाय उशीवर ठेवले. बाईंच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी गळत होतं. "दोन डाव्या, अहो! माझ्या हातून! बाबा असते तर..."

"बाबा असते तर त्यांनी तुला आधी जेवायला घातलं असतं," यजमान म्हणाले. एरवी हळू बोलणारा माणूस, पण आता आवाज चढला होता. "लोकांच्या कपड्यात शिवणीच्या आत बोटभर जादा कापड, ती माया, सोडतेस ना? म्हणतेस ना, मायेशिवाय शिवलेला कपडा पहिल्याच दिवशी उसवतो? मग स्वतःच्या पोटासाठी बोटभर माया नको? सगळी कापून टाकलीस?"

कुत्री मागच्या दारातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर बाईंनी सगळं कबूल केलं. मनात धाकधूक एकच, आता औषध बंद करतील, वजन परत येईल, आणि कात्री गेली ती गेलीच. डॉक्टरीणबाईंनी आडवं झोपवून आणि उभं करून रक्तदाब मोजला, रक्त तपासायला पाठवलं, रक्तदाबाची गोळी कमी केली. मग म्हणाल्या, "वजन उतरलंय खरं. पण चरबीबरोबर मांसही गेलंय. उद्या गुडघा नवा बसवला, तर तो उचलणार कोण, मी? भूक मेली म्हणून जेवण मारायचं नसतं. सध्या डोस वाढणार नाही. आणि पुन्हा असं केलंत, तर औषध बंद."

"नाही करणार," बाई म्हणाल्या. कानाला खडा लावून म्हणाल्या, आणि बाईंचा शब्द म्हणजे शब्द. घरी जाताना त्यांनी टपालवाल्या बाईंचं दार ठोठावलं, चूक सांगितली, आणि उरलेल्या तुकड्यांतून कोपरापाशी जोड देऊन नवी उजवी बाही बेतायची परवानगी मागितली. डाव्या बाहीलाही तसाच जोड दिला, म्हणजे ती मुद्दाम केलेली नक्षी वाटावी. निरोपाच्या दिवशी तोच जोड सगळ्यांनी वाखाणला. बाईंना मात्र तो बघवला नाही.

मग सुरू झालं खरं काम. भुकेचा भोंगा वाजत नव्हता, म्हणून बाई घड्याळावर जेवू लागल्या. कधी घास तोंडात फिरायचा, मळमळायचं, तरी लहान लहान घास घेत, सावकाश. डाळ आधी, भात शेवटी. डबा संपला की रिकामा डबा यजमानांना दाखवायच्या आणि यजमान कुत्रीकडे बघून "आता हिलाही बारीक व्हावं लागणार" म्हणायचे. रोज खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम. आधी एकदाही जमेना. धपकन परत बसायच्या आणि स्वतःलाच शिव्या घालायच्या. काटा आता गोगलगायीच्या चालीनं उतरत होता. कधी आठवडाभर हलायचाच नाही. पण बाईंनी डोसाला हात लावला नाही की जेवणाला कात्री.

बारीक दिसायला लागल्यावर नणंदबाई उगवल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्यांचा खाक्या. गिऱ्हाईकं बसली होती, तरी सरळ मुद्द्यावर. "वहिनी, ते पेन मला द्या की एखादं. मलाही थोडं उतरवायचंय."

"वन्सं, ते माझ्या मापाचं आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मापाचा कपडा घालून लग्नात जाता का? आणि तुमच्या पित्ताच्या खड्यांचं काय? गेल्या वर्षी कळ आली तेव्हा कोण लोळत होतं? चला, डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतः घेऊन जाते. त्या ठरवतील."

"बाई बाई, काय ही कंजुषी! माया म्हणून नाही तुम्हाला!"

"माया आहे म्हणूनच देत नाही."

नणंदबाईंचं तोंड एवढंसं झालं. मग रागानं म्हणाल्या, "आणि कसला एवढा तोरा? सुईनं बारीक झालात. त्यात तुमचं काय कर्तृत्व?"

आजवर बाईंनी औषधाचं घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर "चालते हो जरा" म्हणून वेळ मारून न्यायच्या. आता गिऱ्हाईकं बघत होती. बाईंनी कात्री खाली ठेवली.

"हो, सुईनं. हे दुकानही सुईनं उभं राहिलंय. या समोरच्या ताईंचा कोट सुईनंच शिवलाय. म्हणून सुई एकटी सोडली आणि तिनं कोट शिवला, असं कधी बघितलंय का तुम्ही? शिवणारा हात लागतो, वन्सं. रोज लागतो."

समोरच्या ताई टाळी देऊन हसल्या. नणंदबाई पाय आपटत गेल्या. पण पुढच्याच आठवड्यात निमूट डॉक्टरीणबाईंकडे चलायला तयार झाल्या, हेही सांगायला हवं. तपासणीत खडे अजून तसेच दिसले, आणि त्यांच्यासाठी डॉक्टरीणबाईंनी वेगळाच उपाय बेतला.

शेवटी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायचा दिवस उजाडला. बाहेर बाकांवर माणसं खेटून बसलेली, तपासणीचं दार सताड उघडं. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. "वा! हे कसं केलंत? उपाशी राहून?"

"उपाशी राहून बघितलं होतं, साहेब. दोन डाव्या बाह्या कापल्या," बाई म्हणाल्या. बाहेरच्या शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "हे औषध घेऊन केलं. आणि रोज तीन वेळा जेवून."

डॉक्टरांना बाह्यांचं काही कळलं नाही. "बरं, पायात ताकद किती राहिलीय ते बघू. खुर्चीत बसा, आणि हात न टेकता उठा."

बाई बसल्या. दोन्ही हातांची छातीवर घडी घातली, ओठ दाबले, आणि उठल्या. गुडघा ठणकला, चेहरा वाकडा झाला, पण उठल्या. ताठ उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी डायरी ओढली आणि शस्त्रक्रियेची तारीख घातली.

बाईंनी वळून पाहिलं तर यजमान भिंतीकडे तोंड करून डोळे चोळत होते. विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं, वाफ गेली डोळ्यात."

"वाफ म्हणे! दवाखान्यात कुठली आलीय इस्त्री?" बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांदेखत त्यांचा हात धरून ताठ मानेनं बाहेर पडल्या.